दंड, दाद आणि हरकी

इतिहासाच्या ग्रंथांत मोठ्या शिक्षांना मोठी जागा मिळते. राजद्रोहाचे खटले, देहान्ताचे निवाडे, जप्त झालेल्या जहागिरी यांच्या हकीकती पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. लहानशा दंडाची बखर मात्र कोणी लिहीत नाही. वास्तविक सामान्य नागरिकाची आणि राज्यसत्तेची प्रत्यक्ष गाठ पडते ती बहुधा अशा लहान दंडाच्याच निमित्ताने. ज्याने जन्मात न्यायालयाची पायरी चढली नाही, ज्याच्या नावावर कधी कसला गुन्हा नोंदला गेला नाही, अशा पापभीरू गृहस्थाच्या मोटारीवरही एखाद्या दिवशी दंडाची चिठ्ठी लागते. गाडी योग्य जागी उभी होती, मनाईचा फलक तेथे नव्हता, असे तो स्वतःशी म्हणतो. आणि मग त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : रक्कम भरून मोकळे व्हावे, की दाद मागावी?

उभ्या गाडीबद्दल होणारा दंड हा शिक्षेचा एक चमत्कारिक प्रकार आहे. येथे आरोप करणारा, साक्ष देणारा आणि शिक्षा लिहून देणारा मनुष्य एकच असतो. आरोपी त्या वेळी जागेवर नसतो. कारण तो तेथे असता तर बहुधा गाडीच हलली असती. इतर गुन्ह्यांत आधी सुनावणी आणि मग शिक्षा असा क्रम असतो. येथे शिक्षा आधी हाती पडते आणि सुनावणी, झालीच तर, मागाहून होते. एवढ्यासाठीच अशा दंडाविरुद्ध दाद मागण्याची वाट कशी आहे, ती कोणाला परवडते आणि तिच्या शेवटी कोण बसलेले असते, या प्रश्नांना महत्त्व प्राप्त होते. दंडाचा आकडा लहान असतो, परंतु त्यात गुंतलेले तत्त्व लहान नाही.

रस्त्याच्या कडेची जागा मोजून देण्याचे यंत्र प्रथम अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी या शहरात १६ जुलै १९३५ रोजी बसविण्यात आले. त्या शहराच्या व्यापारी पेठेत दुकानांतील नोकरचाकरांच्याच गाड्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभ्या राहत आणि गिऱ्हाइकांना जागा मिळेनाशी होई. त्यावर कार्ल मॅगी या वृत्तपत्रकाराने उपाय सुचविला, आणि तेथील कृषि व यंत्र महाविद्यालयातील अध्यापकांच्या साहाय्याने पाच सेंटांचे नाणे घेऊन तासभर जागा देणारे मीटर तयार झाले. महिनाभरातच या नव्या नियमाखाली पहिला मनुष्य न्यायालयापुढे आला. तो एक धर्मोपदेशक होता. मीटरमध्ये घालण्यासाठी सुटे नाणे आणावयास आपण जवळच्या किराणा दुकानात गेलो होतो आणि तेवढ्यात दंडाची चिठ्ठी लागली, असे त्याने न्यायाधीशास सांगितले. न्यायाधीशाला ते पटले आणि प्रकरण काढून टाकण्यात आले.

लंडनमध्ये हे मीटर १९५८ साली मेफेअर भागात आले. दोन वर्षांनी, १९ सप्टेंबर १९६० रोजी, तेथील रस्त्यांवर ट्रॅफिक वॉर्डन हा नवा अधिकारी प्रथमच फिरू लागला. त्याने दिलेली पहिली चिठ्ठी एका डॉक्टरच्या गाडीवर लागली. दंड दोन पौंडांचा होता. हा डॉक्टर त्या वेळी जवळच्याच एका हॉटेलात हृदयविकाराच्या झटक्याने कोसळलेल्या रुग्णावर उपचार करीत होता. ही हकीकत कळताच लोकांत एवढा गहजब झाला, की अखेर तो दंड माफ करावा लागला.

अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवरील या पहिल्यावहिल्या दंडांपैकी एकही टिकला नाही, ही गोष्ट मौजेची खरी; परंतु तिच्यात एक भेद आहे. ओक्लाहोमाच्या धर्मोपदेशकाचे म्हणणे न्यायाधीशाने ऐकून घेतले. लंडनच्या डॉक्टरला लोकांच्या ओरडीने सोडविले. मराठी भाषेने फारसीकडून घेतलेले दोन शब्द हा भेद नेमका दाखवितात. फिर्याद या शब्दाचा मूळ अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. दाद या शब्दाचा मूळ अर्थ न्याय. हाक कोणीही मारू शकतो. ती ऐकली जाईलच याची शाश्वती नसते. हाकेचे रूपांतर न्यायात व्हावयाचे तर मध्ये एखादी संस्था लागते, नियम लागतो, आणि ऐकून घेण्यास बांधलेला मनुष्य लागतो. लहान दंडाचा इतिहास म्हणजे फिर्यादीपासून दादीपर्यंतचा हा प्रवास होय.

या प्रवासाचा प्रारंभ फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ साली ती छापून प्रसिद्ध झाली, तेव्हा प्राचीन भारतीय नगरव्यवस्थेचे एक सविस्तर चित्र विद्वानांपुढे आले. त्या ग्रंथात रस्त्यांवरील उपद्रवांचे दंड बारकाईने सांगितले आहेत. रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण, चिखलपाणी साचवून वाट अडविणाऱ्यास पाव पण, आणि हेच राजमार्गावर घडले तर दुप्पट. नागरिकास शिस्त लावण्याची ही दृष्टी कोणत्याही नगरपालिकेस ओळखीची वाटेल. परंतु त्याच ग्रंथात दंड करणाऱ्यालाही दंड सांगितला आहे. ज्याला दंड व्हावयास नको त्याच्यावर न्यायाधिकाऱ्याने द्रव्यदंड बसविला, तर त्या रकमेच्या दुप्पट दंड न्यायाधिकाऱ्यास व्हावा. योग्य दंडापेक्षा कमी किंवा अधिक दंड केला, तर त्या फरकाच्या आठपट. कालहरण करून पक्षकारास थकवून परत लावणारा न्यायाधिकारी तर सर्वांत जबर साहसदंडास पात्र ठरविला आहे. खुद्द राजाही यातून सुटत नाही. निरपराध्यास दंड करणाऱ्या राजाने त्या दंडाच्या तीसपट द्रव्य वरुणाला अर्पण म्हणून पाण्यात ठेवावे आणि मग ते ब्राह्मणांना द्यावे, असे तेथे सांगितले आहे. शास्त्रातील नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत सर्वकाळी अंतर असते, हे मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. अन्यायाने घेतलेला लहान दंड हा राज्याच्या अंगावरचा डाग आहे आणि तो धुतला पाहिजे, ही जाणीव या भूमीत दोन सहस्र वर्षांइतकी जुनी आहे.

इंग्लंडच्या इतिहासात हीच जाणीव एका वेगळ्या प्रसंगाने कायद्यात उतरली. तेराव्या शतकाच्या आरंभी तेथील राजांना किरकोळ अपराधांच्या दंडांतून मोठे उत्पन्न मिळत असे. अपराध कोणता, याहून खजिन्याला निकड किती, यावर पुष्कळदा दंडाचा आकडा ठरे. जॉन राजाच्या अमदानीत या जाचाला कंटाळलेल्या सरदारांनी १५ जून १२१५ रोजी रनिमीड येथील कुरणात राजाकडून जी सनद मान्य करून घेतली, तीच मॅग्ना कार्टा. तिच्यातील मोठमोठ्या कलमांची कीर्ती जगभर आहे. परंतु विसाव्या कलमाचा विषय साधा दंड हाच आहे. स्वतंत्र माणसाला लहान अपराधाबद्दल त्या अपराधाच्या मानानेच दंड व्हावा. मोठ्या अपराधाबद्दल मोठा दंड करावा, पण त्याची उपजीविका बुडेल इतका तो करू नये. व्यापाऱ्याचा माल आणि कुळवाड्याची शेतीची साधने दंडातून वाचवावीत. आणि दंडाची रक्कम राजाच्या कारकुनाने परस्पर न ठरविता, परिसरातील भल्या माणसांनी शपथेवर ठरवावी. या चार गोष्टींपैकी पहिल्या तीन दंडाच्या प्रमाणाविषयी आहेत. चौथी अधिक खोल आहे. ज्याला दंडाचे पैसे मिळावयाचे त्याने तो ठरवू नये, असा तिचा आशय आहे.

सनद लिहिली म्हणून राजे सुधारले असे झाले नाही. स्टुअर्ट राजांच्या काळात दंड हे पुन्हा विरोधकांना चिरडण्याचे हत्यार बनले. राजवाड्यात एकास मारहाण केल्याबद्दल अर्ल ऑफ डेव्हनशायर यास १६८७ साली तीस हजार पौंड दंड झाला. ही रक्कम त्या काळी एखाद्या सरदाराचे घरदार धुऊन नेण्यास पुरेशी होती. दुसऱ्या जेम्स राजाने देश सोडल्यावर पार्लमेंटाने १६८९ साली हक्कांचा जो कायदा केला, त्यात दोन वाक्ये या विषयाची आली. अवाजवी दंड करू नयेत, हे एक. आणि अपराध शाबीत होण्याच्या आधीच एखाद्याचा दंड वा जप्ती यांविषयी दिलेली देणगी किंवा वचन बेकायदा व रद्द समजावे, हे दुसरे. शिक्षेच्या आधी निवाडा हवा, हा क्रम अशा रीतीने शब्दबद्ध झाला. पुढे इंग्लंडमधील काही मोटारवाल्यांनी याच वाक्याचा आधार घेऊन पार्किंगचा दंड मुळातच बेकायदा आहे असा युक्तिवाद केला. तो न्यायालयात टिकला नाही. परंतु सव्वातीनशे वर्षांपूर्वीचे वाक्य एका चिठ्ठीच्या निमित्ताने पुन्हा वाचले जावे, यात त्या वाक्याची जिवंतपणाची साक्ष आहे.

१६८९ च्या कायद्यातील अवाजवी दंडाची मनाई १७९१ साली अमेरिकेच्या राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीत जवळजवळ त्याच शब्दांत गेली. मराठी इतिहासात १७९१ हे वर्ष वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या अखेरीस पुणे शहराचा कोतवाल घाशीराम याला संतप्त जमावाने दगडांनी ठेचून मारले.

पेशवाईतील पुण्याची कोतवाली ही मोठी कचेरी होती. बाजाराची देखरेख, वस्तीची व रस्त्यांची व्यवस्था, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद, रात्रीची गस्त आणि किरकोळ गुन्ह्यांचे दंड ही सारी कामे तिच्याकडे होती. रात्री तोफ झाल्यावर रस्त्यावर आढळणाऱ्यास चौकीत बसावे लागे. दंडाची रक्कम ही कोतवालीच्या जमेची एक ठळक बाब असे. म्हणजे ज्या कचेरीने दंड करावयाचा तिचेच उत्पन्न त्या दंडाने वाढे. घाशीराम १७७७ पासून या जागेवर होता आणि नाना फडणीसांचा त्याच्यावर विश्वास होता. चौदा वर्षांत त्याच्या जुलमाच्या तक्रारी साचत गेल्या; त्यांना वाट मिळाली नाही. अखेर शहरात आलेल्या काही तेलंगी ब्राह्मणांना कोंदट जागेत कोंडण्यात आले, त्यांपैकी वीसहून अधिक गुदमरून मरण पावले, आणि लोकांचा बांध फुटला. जमावाने घाशीरामाला ताब्यात मागितले आणि तो मिळताच त्याचा शेवट केला. या घटनेस न्याय म्हणता येत नाही. ती एक भयंकर फिर्याद होती. दादीची वाट बंद असली म्हणजे फिर्याद कोणते रूप घेते, हे तिने दाखवून दिले. एकाच वर्षी एका देशात अवाजवी दंडाविरुद्ध कलम लिहिले गेले आणि दुसऱ्या देशातील एका शहरात दंड करणाऱ्याविरुद्ध दगड उचलले गेले, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

मराठी अमदानीत निवाड्याच्या संस्था नव्हत्या असे मात्र कोणी समजू नये. गोतसभा होत्या, पंचायती होत्या, महजर लिहिले जात, आणि रामशास्त्री प्रभुण्यांसारख्या न्यायाधीशांचे नाव आजही आदराने घेतले जाते. तथापि त्या पद्धतीतील एक प्रघात येथे लक्षात घेण्याजोगा आहे. वादाचा निकाल लागला, की हरणाऱ्याकडून सरकार गुन्हेगारी नावाची रक्कम घेई. आणि जिंकणाऱ्याकडूनही रक्कम घेई, तिला हरकी म्हणत. हरकी म्हणजे जिंकल्याच्या हर्षाप्रीत्यर्थ सरकारला द्यावयाचा पैसा. वादाची मालमत्ता मोठी असेल तर हरकी देऊनही जिंकणाऱ्याच्या पदरात काही उरे. परंतु वाद जर थोडक्या पैशांचा असेल, तर हरकी देण्यापेक्षा हक्क सोडून देणे शहाणपणाचे ठरे. हरकी हा शब्द आता व्यवहारातून गेला आहे; हरकी मात्र गेलेली नाही. दंड शंभर रुपयांचा आणि तो खोटा ठरविण्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवावयाची, वकिलाची फी द्यावयाची, तारखांमागून तारखा घ्यावयाच्या, ही आधुनिक काळातील हरकीच होय. लहान दंडाविरुद्ध दाद मागणाराला बहुधा निवाड्याने पराभूत केलेले नसते. त्याला हरकीने पराभूत केलेले असते.

विसाव्या शतकात मोटारींची संख्या वाढली तसा हा प्रश्न सर्व देशांत तीव्र झाला. हजारो किरकोळ प्रकरणे न्यायालयांपुढे नेणे अशक्य झाले, म्हणून निश्चित दंडाची पद्धत निघाली. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्याने ती आणली. कायद्याच्या भाषेत पाहिले तर ती चिठ्ठी म्हणजे शिक्षा नव्हती, तो एक प्रस्ताव होता : एवढी रक्कम मुदतीत भरा, म्हणजे खटला होणार नाही. ज्याला प्रस्ताव अमान्य असेल त्याला न्यायालयात जाऊन आपले म्हणणे मांडण्याची मोकळीक होती. कागदावर हे निर्दोष दिसते. परंतु भरणाऱ्याची वाट दोन मिनिटांची आणि नाकारणाऱ्याची वाट कित्येक महिन्यांची असली, म्हणजे ती मोकळीक नावापुरती राहते.

ब्रिटनने या अडचणीवर जो उपाय काढला तो उल्लेखनीय आहे. १९९१ च्या रस्ते वाहतूक कायद्याने लंडनमधील पार्किंगचे बहुतेक अपराध फौजदारी कायद्याच्या कक्षेतून काढून स्थानिक नगरसंस्थांकडे सोपविण्यात आले. आता दंडाची रक्कम नगरसंस्थेच्याच तिजोरीत जाणार होती. म्हणजे रनिमीडच्या कुरणातील जुना प्रश्न पुन्हा उपस्थित झाला होता. त्याला उत्तर म्हणून त्याच कायद्याने स्वतंत्र निर्णायकांची योजना केली आणि १९९३ पासून ते काम पाहू लागले. दंड झालेल्या मनुष्याने प्रथम नगरसंस्थेकडे लेखी हरकत नोंदवावयाची. ती फेटाळली गेली तर निर्णायकाकडे जावयाचे. निर्णायक हा अनुभवी कायदेपंडित असतो, नगरसंस्थेचा नोकर नसतो, आणि त्याच्याकडे जाण्यास फी पडत नाही. हरकतीची कारणेही कायद्यानेच मांडून दिली : तो प्रकार घडलाच नाही, गाडी माझ्या मालकीची नव्हती, ती माझ्या संमतीवाचून दुसऱ्या कोणी नेली होती, मागितलेली रक्कम नियमापेक्षा अधिक आहे, किंवा ज्या आदेशाने तेथे मनाई केली तो आदेशच अवैध आहे. शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यात नागरिक आपल्या वागणुकीचे समर्थन करीत नाही. तो राज्याला विचारतो, की तुझा अधिकार दाखव.

या पद्धतीतही एक मेख आहे. चौदा दिवसांत पैसे भरणाऱ्यास दंड निम्मा होतो. वरवर पाहता ही सवलत. परंतु ज्याला आपण निर्दोष आहोत असे वाटते, त्याच्यापुढे ती एक पैज होऊन उभी राहते. अर्धी रक्कम भरून गप्प बसावे, की पूर्ण रकमेचा धोका पत्करून न्याय मागावा? येथेही हरकी डोकावते, फक्त तिने सवलतीचा वेष घेतलेला असतो.

अमेरिकेत या प्रश्नाने अलीकडे पुन्हा घटनेचे दार ठोठावले. मिशिगन राज्यातील सॅगिनॉ शहरात पार्किंगचे कर्मचारी गाडीच्या टायरवर खडूची खूण करीत. काही वेळाने फिरून येत, आणि खूण जागच्या जागी दिसली तर मुदत संपली असे समजून चिठ्ठी लावीत. एका महिलेला अशा पंधरा चिठ्ठ्या मिळाल्या. तिने दंडाची रक्कम बाजूला ठेवून खडूलाच आव्हान दिले : संशयास जागा नसताना खाजगी गाडीवर खूण करणे ही झडती आहे, आणि झडतीला घटनेची बंधने आहेत. वरिष्ठ न्यायालयाने २०१९ साली तिचे हे म्हणणे उचलून धरले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टिम्ब्ज विरुद्ध इंडियाना या प्रकरणात, अवाजवी दंडाची मनाई राज्य सरकारांनाही बंधनकारक आहे, असा निर्णय दिला. निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी या मनाईचे मूळ शोधीत थेट मॅग्ना कार्टापर्यंत मजल नेली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या पार्किंग दंडाचे प्रकरण वरिष्ठ न्यायालयापुढे आले. मीटरची मुदत टळल्याबद्दल दंड त्रेसष्ट डॉलर, आणि तो वेळेवर न भरल्यास आणखी त्रेसष्ट डॉलर. अवाजवी दंडाविरुद्धचे कलम पार्किंगच्या दंडालाही लागू आहे, असे न्यायालयाने मान्य केले. मूळ दंड त्याने योग्य ठरविला. परंतु उशिराबद्दलचा दंड अपराधाच्या मानाने आहे की नाही, हे तपासण्यासाठी प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठविले. आठशे वर्षांपूर्वी कुळवाड्याची शेतीची साधने वाचविणारे तत्त्व अशा रीतीने रस्त्याकडेच्या मीटरपर्यंत येऊन पोहोचले.

आता भारताकडे वळावयाचे. मोटारींसंबंधी अखिल भारतीय कायदा प्रथम १९१४ साली झाला. त्याची जागा १९३९ च्या आणि नंतर १९८८ च्या कायद्याने घेतली. या शेवटच्या कायद्यात दंड करण्याचे अधिकार आहेत, तशीच नागरिकाच्या दादीची साधनेही विखुरलेली आहेत. धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने गाडी सोडू नये, असे कलम १२२ सांगते. परंतु गाड्या उभ्या करण्याच्या जागा राज्य सरकारने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवावयाच्या आहेत, असे कलम ११७ सांगते. आणि रहदारीच्या खुणा व फलक लावण्याचा अधिकार कलम ११६ मध्ये आहे. तेव्हा मनाईचा फलक कोठे होता, तो कोणाच्या आदेशाने लागला, हे विचारणे म्हणजे वितंडवाद नव्हे. कायद्यानेच निर्माण केलेला तो प्रश्न आहे. २०२१ साली केंद्र सरकारने कॅमेऱ्यासारख्या यंत्रांनी टिपलेल्या अपराधांविषयी नियम केला. त्यात अपराधाची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी आणि यंत्राने घेतलेली नोंद प्रकरण निकालात निघेपर्यंत जपून ठेवावी, असे घातले. यंत्राची साक्ष माणसाच्या साक्षीपेक्षा निर्विकार असते, हे खरे. पण तिलाही उलटतपासणी हवी, ही दृष्टी त्यामागे आहे.

दंडाची रक्कम मात्र दरम्यान वाढली. सर्वसाधारण अपराधाचा दंड पूर्वी पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचशे झाला, आणि पुढच्या वेळचा तीनशेवरून दीड हजारांवर गेला. कलम २०० प्रमाणे रक्कम भरून अपराध मिटविता येतो. भरले की प्रकरण तेथेच संपते; खरोखर अपराध घडला होता काय, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. बहुसंख्य माणसे हाच मार्ग धरतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. लोकअदालतीत प्रकरण नेले तर रक्कम पुष्कळदा कमी होते. पण लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे तिचा निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील चालत नाही. ज्याने अपराध केला त्याला तेथे सूट मिळते; ज्याने केला नाही त्यालाही सूटच मिळते. सूट म्हणजे न्याय नव्हे. निर्दोष माणसाला दंडात निम्मी सवलत देणे म्हणजे त्याला निम्मा दोषी ठरविणे होय.

या दृष्टीने आभासी न्यायालयांचा प्रयोग लक्ष देण्यासारखा आहे. दिल्लीत २०१९ साली असे न्यायालय सुरू झाले, आणि महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील काटोल येथील आभासी न्यायालयाचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते झाले. चलान घरबसल्या पाहता येते आणि दोन वाटा समोर असतात : अपराध मान्य करून रक्कम भरणे, किंवा तो नाकारणे. दुसऱ्या प्रदेशात नोकरी करणाऱ्या माणसाला आपल्या गावच्या चलानासाठी रजा काढून प्रवास करावा लागू नये, ही सोय लहान नाही. परंतु जो अपराध नाकारतो त्याचे प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते, आणि तेथून पुढे जुनीच तारीख, जुनेच हेलपाटे. म्हणजे मान्य करणाऱ्याची वाट यंत्राने सुगम केली. नाकारणाऱ्याची वाट होती तेथेच राहिली. दोन वाटांतील हे अंतर जितके वाढेल, तितका दंडाचा निवाडा न्यायाने न होता कंटाळ्याने होत जाईल.

रस्त्याची शिस्त आवश्यक आहे, यात वाद नाही. अडवून ठेवलेल्या गल्लीत अग्निशामक दलाचा बंब अडकतो, रुग्णवाहिकेला वाट मिळत नाही, आणि एका माणसाच्या सोयीची किंमत दुसऱ्याला प्राणाने द्यावी लागते. दंडाचे समर्थन याच कारणाने होते. पण त्याच कारणाने दंड विश्वासार्ह असावा लागतो. ज्या शहरात दहा चिठ्ठ्यांपैकी एखादी अन्यायाची असते आणि ती सिद्ध करण्याची वाट नसते, तेथे उरलेल्या नऊ न्याय्य चिठ्ठ्यांवरचाही लोकांचा विश्वास उडतो. नियम हा सर्वांच्या हिताचा आहे ही भावना जाऊन तो वसुलीचा एक प्रकार आहे अशी समजूत रूढ होते. उलट एखादा नागरिक चिकाटीने दाद मागतो, आणि फलक नव्हता किंवा आदेश नव्हता हे सिद्ध करतो, तेव्हा त्याला परत मिळणारे पैसे थोडे असतात. पण त्यानंतर तेथे फलक लागतो, नोंद नीट ठेवली जाते, आणि पुढच्या शेकडो माणसांवरचा अन्याय टळतो. त्याने दिलेली हरकी समाजाच्या खाती जमा होते.

प्रत्येकाने प्रत्येक दंडाविरुद्ध न्यायालयात जावे, असे या इतिहासाचे सांगणे नाही. ज्याचा अपराध घडला त्याने दंड भरावा, हेच नीतीचे आहे. परंतु ज्याचा घडला नाही त्याला तसे म्हणता यावे, त्याचे म्हणणे दंड वसूल करणाऱ्याहून वेगळ्या माणसाने ऐकावे, आणि ते म्हणण्याचा खर्च दंडाहून अधिक नसावा, या तीन गोष्टी त्याला मिळावयास हव्यात. पहिल्या दोन गोष्टी मिळविण्यासाठी माणसाला कित्येक शतके खर्ची घालावी लागली. तिसरी अजून पुष्कळ ठिकाणी मिळावयाची आहे, आणि ती मिळाल्यावाचून पहिल्या दोहोंचा लाभ लहान माणसापर्यंत पोहोचत नाही.